न केलेल्या चुकीचे देणे

साधकहो, आज एक प्रश्न तुमच्यासमोर ठेवतो. त्याचे उत्तर माझ्याकडे तयार आहे, असे समजू नका. आपल्या आजोबा-पणजोबांनी कुणाचे काही बुडवले असेल, आणि तेव्हा आपला जन्मही झालेला नसेल, तर त्याचे काही देणे आपल्यावर लागते का?

सत्संगात हा प्रश्न निघाला की आपण पटकन म्हणतो, "करावे तसे भरावे. ज्याचे कर्म त्याला." सिद्धांत म्हणून ते बरोबरच आहे. माझ्या पापाचे फळ माझ्या नातवाने भोगावे, हे कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारे नाही. मीही अनेक वर्षे हेच उत्तर देत आलो. पण गेल्या हिवाळ्यात सांगलीहून गाडीने म्हैसूरला गेलो, आणि तिथे कावेरीच्या काठी हे उत्तर थोडे तोकडे वाटू लागले.

कृष्णेच्या काठावरून कावेरीच्या काठी असा दोन दिवसांचा प्रवास होता. मी, पत्नी आणि मुलगा. गाडी मुलानेच चालवली. म्हैसूरचा राजवाडा, चामुंडी टेकडी हे सगळे ठरल्याप्रमाणे झाले. त्याविषयी लिहीत नाही, ते तुम्ही पाहिले असेल किंवा पाहाल. लिहायचे आहे ते श्रीरंगपट्टण आणि तलकाड या दोन गावांविषयी.

श्रीरंगपट्टण म्हैसूरपासून अर्ध्या तासावर. कावेरी इथे दोन फाट्यांनी वाहते आणि मध्ये बेट तयार होते. त्या बेटावर किल्ला, आणि किल्ल्यात शेषशायी रंगनाथस्वामींचे प्राचीन मंदिर. सतराव्या शतकाच्या आरंभी इथे विजयनगरचा प्रतिनिधी राहत असे. १६१० मध्ये म्हैसूरच्या राजा वडियारांनी श्रीरंगपट्टण ताब्यात घेतले आणि त्याच वर्षी तिथे दसऱ्याचा उत्सव सुरू केला. आज जगभरचे लोक जो म्हैसूरचा दसरा पाहायला येतात, त्याचे मूळ तिथे आहे.

पण त्याच सत्तांतराची दुसरी एक कथा त्या भागात घरोघरी सांगतात. विजयनगरच्या त्या प्रतिनिधीची पत्नी अलमेलम्मा. तिच्याकडे मौल्यवान दागिने होते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते रंगनायकी देवीच्या अंगावर घालायला देवळात जात आणि पूजेनंतर तिच्याकडे परत येत. पती गेला, राज्य गेले, तशी ती दागिने घेऊन तलकाडजवळच्या मालंगी गावी जाऊन राहिली. देवळातून मागणी झाली की देवीचे अलंकार हवेत. तिने नथीतला मोती पाठवला, बाकीचे दिले नाहीत. मग राजाने शिपाई पाठवले. ते येताना पाहून अलमेलम्माने दागिन्यांसह कावेरीत उडी घेतली, आणि जाताना शाप दिला: तलकाड वाळूत जावो, मालंगी डोहात जावो, आणि म्हैसूरच्या राजांना मूल न होवो.

आता तुम्ही तलकाडला गेलात तर काय दिसते? म्हैसूरपासून टी. नरसीपूरमार्गे साधारण पन्नास किलोमीटर. नदीकाठचे एकेकाळचे राजधानीचे गाव. गंगांचे राज्य इथे होते, पुढे चोळ आले. चोळांचा पराभव केल्यावर होयसळ विष्णुवर्धनाने बाराव्या शतकात इथे कीर्तिनारायणाचे मंदिर बांधले. आणि हे सगळे वाळूत. नदीकाठची बारीक वाळू, पाऊल घोट्यापर्यंत रुतते. झाडीतून, वाळूच्या टेकड्यांवरून चालत जायचे, आणि मग पायऱ्यांनी खाली उतरायचे, कारण मंदिरे खड्ड्यात आहेत. उपसून काढली नाहीत तर वाळू पुन्हा भरत येते. कार्तिकातील सोमवारी विशिष्ट योग जुळला की पंचलिंग दर्शनाचा उत्सव होतो. २००९, २०१३ आणि २०२० मध्ये तो झाला.

वाळू का आली, याचे कारण अभ्यासकांनी शोधले आहे. चौदाव्या शतकात माधवमंत्री नावाच्या विजयनगरच्या अधिकाऱ्याने वरच्या बाजूला नदीवर बंधारा घातला. त्याने प्रवाह बदलला, पात्रातला वाळूचा पट्टा उघडा पडला, आणि वाऱ्याने ती वाळू हळूहळू गावावर लोटली. म्हणजे शापाच्या आधीच कामाला सुरुवात झाली होती. मला हे स्पष्टीकरण पटते. आणि वंश खुंटण्याचे म्हणाल तर तोही हिशेब सरळ नाही. स्वामी विवेकानंद १८९२ मध्ये म्हैसूरला ज्यांचे पाहुणे होते ते चामराजेंद्र वडियार स्वतः दत्तक आलेले, पण त्यांना पुत्र झाले. पुढे गादी पुन्हा पुतण्याकडे गेली, अलीकडे २०१५ मध्ये दत्तकविधान झाले, आणि दत्तक आलेल्या राजपुत्राला २०१७ मध्ये मुलगा झाला. शाप खरा की खोटा, यात मला फारसा रस नाही.

मला थांबवले ते दुसऱ्याच गोष्टीने. म्हैसूरच्या राजघराण्यात अलमेलम्माची मूर्ती आहे. परंपरा सांगते की राजा वडियारांना पश्चात्ताप झाला, त्यांनी तिची सुवर्णमूर्ती करवून घेतली आणि तिची पूजा सुरू केली. नवरात्रात राजवाड्यात ती पूजा आजही होते. एवढी चारशे वर्षे!

साधकहो, जरा विचार करा. आपल्या देवघरात कोण असते? कुलदैवत, गुरू, फार तर पूर्वजांचे टाक. ज्यांनी आपले भले केले ते. ज्या बाईचे आपल्या पूर्वजाने वाईट केले, जिने आपल्या वंशाचा उच्छेद मागितला, तिला देवघरात बसवणारे घर तुम्ही पाहिले आहे का? कुणी म्हणेल, भीतीपोटी बसवले. असेल. सुरुवात भीतीने झाली असेल. पण तिला तिथे ठेवायचे म्हणजे प्रत्येक पिढीतल्या मुलाला, "ही कोण?" असे विचारल्यावर सांगावे लागते. आणि सांगायचे म्हणजे आपल्या मूळपुरुषाची चूक सांगायची. ज्या नवरात्रात राजाचे सिंहासन मांडायचे, त्याच नवरात्रात.

दुसऱ्याने आपल्यावर केलेला अन्याय लक्षात ठेवणे तुलनेने सोपे आहे. त्याच परिसरात मेलुकोटे आहे. तिथल्या मंड्यम अय्यंगार कुटुंबांत नरक चतुर्दशीला दिवाळी साजरी करत नाहीत, कारण टिपूच्या हातून झालेल्या आपल्या माणसांच्या संहाराची स्मृती त्या दिवसाशी जोडलेली आहे. त्या दुःखापुढे हात जोडावेत एवढेच. पण ती येणे बाजूची नोंद आहे. देणे बाजूची नोंद कोण ठेवतो?

इथे मला आपल्याकडे वळावेच लागते. १७९१ साली टिपूविरुद्धच्या युद्धात मराठी फौजा म्हैसूरच्या मुलखात होत्या. परशुरामभाऊ पटवर्धनांची मोहीम होती. त्या फौजेतल्या घोडेस्वारांनी आणि बरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीच्या मठावर धाड घातली. आद्य शंकराचार्यांचे पीठ, शारदांबेचे स्थान. मठ लुटला, माणसे मारली, शारदांबेची मूर्ती जागेवरून हलवली. स्वामींना कारकळला जावे लागले. त्यांनी मदतीसाठी लिहिले ते टिपूला, आणि पुनःप्रतिष्ठेसाठी पैसा आणि सामग्री त्याने पाठवली. त्या पत्रव्यवहाराची पत्रे १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याच्या हाती लागली आणि ती प्रसिद्ध आहेत. टिपूविषयी तुमचे मत काहीही असो; कूर्ग आणि मलबारमध्ये त्याने जे केले ते यामुळे पुसले जात नाही. पण शृंगेरीची लूट आपल्या बाजूने झाली, हेही पुसले जात नाही.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी काय केले, ते प्रामाणिकपणे सांगतो. मी म्हणालो, "ते पेंढारी होते. आपले सैन्य नव्हते." हे वाक्य मला फार सोयीचे होते. पण पेंढारी कुणाच्या फौजेमागे चालत होते? लुटीवर पोट भरायची मुभा त्यांना कुणी दिली होती? मी सांगली जिल्ह्यातला माणूस. तासगावच्या गणपतीला लहानपणापासून जातो. ते मंदिर परशुरामभाऊंनीच बांधले, आणि त्याचे सात मजली गोपूर दक्षिणेतल्या मोहिमांत पाहिलेल्या देवळांच्या धर्तीवर आहे, असे आम्हाला अभिमानाने सांगितले जाई. गोपूर दक्षिणेतून आले हे आम्ही सांगतो. त्याच मोहिमांतली शृंगेरी मात्र कुणी सांगितली नाही. परशुरामभाऊंचे शौर्य आणि भक्ती यांविषयी माझा आदर आजही कमी झालेला नाही. पण वारशातला गणपती माझा आणि पेंढारी दुसऱ्याचे, अशी वाटणी मला आता करता येत नाही.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. मी शृंगेरीत नव्हतो. मग माझा काय संबंध?

मला वाटते, इथे दोन शब्दांची गल्लत होते: कर्मफळ आणि ऋण. कर्मफळ वारशाने येत नाही. पण ऋण येते, आणि हे आपली परंपराच सांगते. आपण जन्मतः तीन ऋणे घेऊन येतो असे मानतो. त्यातले पितृऋण तर आपण काही केल्याने झालेले नसतेच. धर्मशास्त्रकारांनी साध्या पैशाच्या कर्जाविषयीही किती बारीक विचार केला होता पाहा. बापाचे कर्ज मुलाने व्याजासह फेडावे. आजोबांचे कर्ज नातवाने फेडावे, पण फक्त मुद्दल. पणतू बांधील नाही; मात्र त्याच्याकडे पणजोबांची मालमत्ता आली असेल, तर आहे. जुगार, दारू असल्या कारणांसाठी काढलेले कर्ज मुलावर लागत नाही. आपल्या न्यायालयांनीही हे पुत्रधर्माचे बंधन दीर्घकाळ मानले. २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने ते बंधन पुढच्या कर्जांपुरते काढून टाकले. कायद्याने योग्यच केले. सावकाराने नातवाच्या दारात उभे राहू नये. पण कायद्याने काढले म्हणून मनातून ते जाते असे नाही.

त्या जुन्या नियमातले "व्याज नाही, मुद्दल आहे" हे मला फार शहाणपणाचे वाटते. तिसऱ्या पिढीने छाती बडवत बसायचे नाही, स्वतःला पापी म्हणवून घ्यायचे नाही, घराण्याची निंदा करत फिरायचे नाही. ते व्याज झाले. मुद्दल म्हणजे घडले ते घडले म्हणणे, आणि त्यातून आपल्या हाती जे आले असेल त्याकडे सरळ बघणे. आणि हेही लक्षात ठेवायला हवे की देणे ज्याचे त्याने मान्य करायचे असते. दुसऱ्याच्या पणजोबाचे पाप काढून त्याच्या पणतूकडून वसुली करायला निघणे हा धर्म नव्हे. आजकाल तोच धंदा जोरात आहे, म्हणून हे लिहिले.

विवेकानंदांची म्हैसूरची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. महाराजांनी भर दरबारात विचारले, माझ्या दरबाऱ्यांविषयी आपले काय मत आहे? स्वामीजींनी तिथल्या तिथे स्पष्ट सांगितले: महाराज, आपले मन चांगले आहे, पण दरबारी हे सगळीकडे दरबारीच असतात. नंतर महाराजांनी काळजीने सुचवले की इतके उघड बोलू नये, जिवावर बेतेल. स्वामीजींना ते मान्य झाले नाही. आपण ही गोष्ट त्यांचे धैर्य सांगण्यासाठी सांगतो. मला त्यात आता आणखी एक दिसते. ज्यांचे अन्न खातो, त्यांच्याच घरात बसून खरे बोलणे. परक्याविषयी खरे बोलायला एवढे धैर्य लागत नाही.

हे सगळे मी तलकाडच्या वाळूत बसून मुलाला सांगत होतो. जरा प्रवचनाच्याच सुरात, मला ती खोड आहे. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "बाबा, मग माईआजीच्या पाटल्यांचं काय?"

माई म्हणजे माझ्या वडिलांची आत्या. विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती मरेपर्यंत आमच्याच घरात राहिली. तिच्या पाटल्या माझ्या आजोबांनी, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाने, विहिरीवर इंजिन बसवण्यासाठी मोडल्या. उसाचे पहिले पैसे आले की करून देतो, असे म्हणून. उसाचे पैसे आले. १९७२ च्या दुष्काळातही ती विहीर टिकली. वडील त्यावर शिकले, मी शिकलो. पाटल्या झाल्या नाहीत. घरात हा विषय निघाला की एकच वाक्य असे: "तिला घालायच्या तरी कुठे होत्या?" विधवेने पाटल्या घालायच्या नाहीत, हा त्या काळचा रिवाज. म्हणजे आधी रिवाजाने तिच्या हातातून काढल्या आणि मग त्याच रिवाजाचा आधार घेऊन परत करायच्या राहिल्या. शास्त्र पाहिले तर स्त्रीधनावर भावाचा काहीच हक्क सांगितलेला नाही. दुष्काळात किंवा आजारपणात पतीने ते वापरले तर न फेडण्याची सूट आहे, पण ती पतीला. भावाला नाही.

माई आमच्याकडे उपाशी राहिली नाही. आजारपणात तिची सेवा झाली. पितृपक्षात माझे वडील तर्पण करतात, त्यात आत्याचे नाव येते आणि ते दरवर्षी न चुकता घेतले जाते. मीही ते पाण्यासोबत ऐकत मोठा झालो. पण नाव घेणे वेगळे आणि पाटल्या सांगणे वेगळे. वडियारांनी अलमेलम्माला नुसते पाणी सोडले असते तर आज तिची गोष्ट कुणाला ठाऊक असती?

मुलाला उत्तर देता आले नाही. "बघू," म्हणालो. अलमेलम्माचे दागिने परत करायला तिचे कुणी उरले नव्हते. माईलाही मूल नव्हते. देणेकरी आहे आणि घेणेकरी नाही, अशा वेळी काय करायचे, याचे एकच एक उत्तर मला सापडलेले नाही. दान करून टाकावे, असे पत्नीचे मत पडले. मला ते पटले, आणि थोडे खटकलेही. दुसऱ्याच्या वस्तूचे दान करून पुण्य आपल्या नावावर जमा करायचे, असे होऊ नये.

संध्याकाळी म्हैसूरच्या मुक्कामावरून अण्णांना, म्हणजे वडिलांना, फोन लावला. ते आता अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. देवदर्शन कसे झाले, गाडी नीट चालली का, हे विचारून झाल्यावर मी भीत भीत विषय काढला. म्हणालो, "अण्णा, माईच्या त्या दोन पाटल्या आबांनी मोडल्या, त्याचं काही करायला हवं होतं असं वाटतं."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. फोन कट झाला असे वाटून मी दोनदा हाक मारली.

मग म्हणाले, "दोन नव्हत्या रे. चार होत्या." आणि थोड्या वेळाने, "मागायची ती. दर दिवाळीला मागायची. तुम्हा मुलांना माहीत नाही."

घरी परतल्यावर आम्ही दोघे त्यावर दोन-तीनदा बोललो. त्यांच्या आठवणीप्रमाणे एकेक पाटली दीड तोळ्याची असावी. आई म्हणते, दोनची. माईच्या दिराची नातवंडे जमखंडीकडे आहेत. तिकडच्या एका ओळखीच्या गृहस्थांना पत्ता काढायला सांगितले आहे.